चाक कशाने तापलं?

धूर दिसला की आग आहे, हे अनुमान चालतं. उलट चालत नाही. लालबुंद लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. धुरासाठी ओलं सरपण लागतं. अशा लपून बसलेल्या अटीला नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे तर्कपंडित, ‘उपाधी’ म्हणतात. ‘चाक तापलंय, म्हणजे ब्रेक धरतोय’ या गॅरेजमधल्या विधानातही एक अट लपलेली आहे: पाय पेडलवर नसतानाही चाक तापायला हवं. म्हणून जाणता मेकॅनिक गाडी सपाट रस्त्यावर नेतो, ब्रेक न दाबता तिला आपोआप थांबू देतो आणि मगच चाकं तपासतो.

१९८९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात आलेली माझदा एमएक्स-५ घ्या. दोन माणसांची छोटी स्पोर्ट्‌स कार, इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना. तिच्या मागच्या कॅलिपरला ब्रेक ऑइलही दाबतं आणि हँडब्रेकची केबलही. पॅड डिस्कला घासू लागला की दोष कोणाचा, हे चाक सांगत नाही. शिवाय जॅकवर उचलून मागचं चाक फिरवलं तर त्याच्यासोबत डिफरन्शियलही फिरतं. त्यातल्या थंड, घट्ट तेलाचा जडपणा ब्रेकच्या माथी मारला जातो. मागच्या चाकाची तुलना पुढच्याशी नव्हे, मागच्याच दुसऱ्या चाकाशी करायची.

न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथातल्या, न्यायसूत्रांतल्या ‘शेषवत्’ अनुमानाचे भाष्यकार वात्स्यायनाने दोन अर्थ दिले आहेत: कार्यावरून कारण ओळखणं, आणि एकेक शक्यता खोडून उरेल ते स्वीकारणं. इथे दोन्ही लागतात.

कॅलिपरचा ब्लीडर निपल किंचित सैल केला आणि चाक मोकळं झालं, तर दाब तेलात अडकला होता. एकाच चाकाची तक्रार असेल तर आतून फुगलेल्या रबरी होजवर संशय. एकाहून जास्त चाकं धरत असतील तर मास्टर सिलिंडरवर. चाक तरीही घट्टच राहिलं, तर केबल सोडायची. त्यानेही फरक पडला नाही, तर उरतात गंजलेल्या स्लाइड पिना आणि आत रुतलेला पिस्टन.

खरंच एवढंच उरतं? इथे तत्त्वज्ञाचा प्रश्न बोचरा आहे, आणि रास्तही: यादीच अपुरी असेल तर उरलेलं कारण खरं कसं मानायचं? घासणारा बेअरिंगही चाक तापवतो आणि वरच्या यादीत तो कुठेच नाही. तेव्हा नवा कॅलिपर मागवण्याआधी जुना काढून तारेने टांगावा, होजवर त्याचा भार येऊ देऊ नये, आणि चाकाचा हब हाताने पुन्हा एकदा फिरवून पाहावा.