शनिवारचा घाणा आणि रविवारचे मैदान

पनवेलास बेने इस्रायल या ज्यू समाजाचे बेथ एल हे प्रार्थनामंदिर 1849 सालापासून उभे आहे. या समाजास जुन्या कुलाबा जिल्ह्यात 'शनवार तेली' म्हणत, आणि या दोन शब्दांत धर्मशास्त्राचा एक बिकट प्रश्न दडलेला आहे: न केलेले कर्म धर्मकृत्य कसे ठरते? डोळ्यांवर झापड बांधलेला बैल घाण्याभोवती फिरावा, तीळ भरडला जावा, तेलाची धार पडावी आणि मागे राहिलेली पेंड खरवडून काढावी, हा त्यांचा सहा दिवसांचा क्रम. परंतु शुक्रवारचा सूर्य मावळला की बैलाच्या मानेवरचे जू उतरे, ते शनिवारची तिन्हीसांज टळेपर्यंत पुन्हा चढत नसे. बैलालाही विसावा द्यावा, अशी तरतूद खुद्द त्यांच्या धर्माज्ञेतच आहे. गिऱ्हाईक दुसऱ्या तेल्याकडे गेले, तर जावो. गावाने त्यांना ओळखले ते त्यांच्या तेलावरून नव्हे, बंद घाण्यावरून.

हा प्रश्न मला पुनश्च छळू लागला तो रग्बीसारख्या दांडगट परदेशी खेळामुळे. न्यूझीलंडचा मायकेल जोन्स 1987 सालच्या पहिल्या विश्वचषकात उतरला तेव्हा अवघा 22 वर्षांचा होता. ऑकलंड येथे इटलीविरुद्धच्या उद्घाटनाच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपार चेंडू टेकविणारा त्या स्पर्धेतील पहिला गडी तोच. एवढे नाव होत असता वेल्सशी उपांत्य सामना 14 जूनला, म्हणजे रविवारी आला, आणि ख्रिस्ती श्रद्धेने रविवार पाळणारा हा तरुण त्या दिवशी खेळला नाही. संघ 49-6 असा जिंकला, पुढल्या शनिवारी अंतिम सामन्यास जोन्स रुजू झाला, आणि विश्वचषक हाती आला. येथवर सारे गोडच. मात्र 1991 साली ऑस्ट्रेलियाशी उपांत्य सामना पुन्हा रविवारीच आला. जोन्स बाहेर राहिला आणि न्यूझीलंड 16-6 असे हरले.

आमचा कर्मयोगी येथे हरकत घेईल. कुरुक्षेत्रावर अर्जुनाने 'आज रविवार' अशी सबब काढली असती, तर श्रीकृष्णाने ती मंजूर केली असती काय? हरकत वजनदार आहे. तथापि अर्जुनाला नकोसे झाले होते ते युद्ध, आणि जोन्सला हवासा होता तो खेळ. दुःखद म्हणून, देहाला क्लेश होतील या भयाने टाकलेले कर्म गीतेने राजस त्यागात घातले आहे. जे प्राणाहून प्रिय, ते एका दिवसापुरते खाली ठेवणाऱ्याचा त्याग त्या सदरात बसत नाही. वेदपाठशाळेतील अनध्यायही अध्ययनाच्या कंटाळ्यातून निघालेला नव्हे (विद्यार्थ्यांचे मत अर्थातच निराळे असेल!).

सुटी आणि व्रत यांची गल्लत मात्र करू नये. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1890 साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची रजा मिळवून दिली. ती त्यांच्या हक्काची होती आणि तिचा भार मालकावर पडणे न्याय्यच होते. शनवार तेल्याने आपल्या शनिवारचे नुकसान कोणाकडून वसूल केले नाही. 1995 च्या ऑगस्टात रग्बी युनियनने खेळाडूंना वेतन घेण्याची मुभा दिली, तेव्हापासून मिसरूड फुटण्याच्या वयात करारनाम्यावर सही करणाऱ्या पोराचे सातही वार जणू गहाण पडतात. मग एक वार सोडवून घ्यावयाचा, तर त्याची किंमत रोकड्यात मोजावी लागते. किंमत वाढली, व्रताचे स्वरूप तेच राहिले.

त्याच वर्षीच्या विश्वचषकात उपांत्यपूर्व आणि उपांत्य हे दोन्ही सामने न्यूझीलंडला रविवारी खेळावयाचे होते, म्हणून जोन्सची निवडच झाली नाही. अंतिम सामना शनिवारी होता, आणि त्यात दक्षिण आफ्रिकेने त्यांना 15-12 असे हरविले. निवड करणाऱ्यांवर माझा ठपका नाही. जोन्सवर तर नाहीच नाही.