धरलं कुणी, मारलं कुणी

गणपतीचे दिवस होते. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना कापलं. पुतण्यानं चुलत्याला, राघोबादादांना, मिठी मारली होती. 'धरावे'चं 'मारावे' कुणी केलं, यावर आमच्या पारावर अजून वाद रंगतो. मला त्यात रस नाही. माहुलीच्या रामशास्त्र्यांनी हातात तरवार नसलेल्या दादांनाच दोषी ठरवलं आन पुणं सोडलं, तेवढं मला लागतं.

कारण विट्याजवळच्या एका मळ्यात जत्रेचं जेवण होतं. बांधावरनं बोलणं तुटलेले दोघं भाऊ एकाच पंगतीत आलेले. थोरल्यानं बोकड कापायची सुरी धुतली आन कंबरेला खोचली. मी बघितलं. म्हटलं, आपल्याला काय करायचंय? रस्सा ढवळत बसलो. पंगत उठायच्या आत धाकटा गेला.

पोलिसांनी विचारलं, मारताना बघितलं का? नाही म्हणालो. खरंच होतं, मी चुलीकडं होतो. सुरी खोचताना बघितलं का, हे कुणी विचारलंच नाही. न विचारलेल्याचं उत्तर द्यायचं असतं का? दादांनी तरी काहीतरी हुकूम दिला होता. मी तर तेवढंही बोललो नाही.

त्या दोघांची म्हातारी आई वाटेत भेटली की अजून विचारती, "जेवलास का रं बाबा?"