विचार खरा, तर शांती खरी



दर रविवारी पवित्र मिस्सामध्ये प्रभूची प्रार्थना झाल्यावर आपण शेजाऱ्याकडे वळतो, हात जोडतो आणि त्याला ख्रिस्ताची शांती देतो. मिस्सा संपते, आपण चर्चच्या फाटकाबाहेर येतो, रिक्षाच्या रांगेत उभे राहतो आणि तेवढ्यात मनातले चक्र पुन्हा फिरू लागते. घराचा हप्ता, मुलाची बारावी, आईचा रिपोर्ट, शुक्रवारी साहेब जे बोलले ते. अर्ध्या तासापूर्वी मिळालेली शांती गेली कुठे? मुळात ती मिळाली होती का?

'मन चिंती ते वैरी न चिंती' असे आपल्याकडे म्हणतात. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांचे रोजचे तीन-चार तास लोकलमध्ये जातात. हात वरच्या कडीला आणि डोके मोकळे, अशा वेळी मन काय काय चिंतते ते ज्याचे त्यालाच ठाऊक. म्हणून योग्य विचार आणि देवाची शांती यांचा संबंध काय, यावर आज आपण थोडे मनन करू या. सुरुवात आम्ही आमच्या एका चुकीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ आम्हाला भेटायला आले. त्यांची नोकरी सुटून आठ महिने झाले होते. मुलांना कळू नये म्हणून ते रोज सकाळी डबा घेऊन घरातून निघत आणि दुपारपर्यंत स्टेशनच्या बाकावर बसून राहत. ते म्हणाले, "फादर, रात्री झोप येत नाही. एकच विचार येतो, मी घराला भार झालो आहे." आम्हाला त्या दिवशी आणखी दोन ठिकाणी जायचे होते. आम्ही त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "असले वाईट विचार मनात आणू नका. चांगला विचार करा, देव सगळे ठीक करील." ते "हो फादर" म्हणाले आणि गेले. त्यानंतर कितीतरी रविवार ते मिस्साला दिसले नाहीत. पुढे त्यांच्या पत्नीने सांगितले, "फादर, हे म्हणतात, फादरांना खरे ऐकायचे नव्हते."

ते वाक्य आम्हाला फार लागले, कारण ते खरे होते. त्या माणसाच्या मनात एक नव्हे, दोन विचार होते. 'माझी नोकरी गेली आहे' हा पहिला. तो खरा होता. 'म्हणून मी घराला भार आहे' हा दुसरा. तो खोटा होता. आम्ही त्यांना दोन्ही विचार एकत्र गुंडाळून फेकून द्या असे सांगितले. पण खरा विचार फेकता येत नाही. तो परत येतोच, आणि येताना खोट्यालाही बरोबर घेऊन येतो.

संत पौलाने फिलिप्पैकरांना पत्र लिहिले तेव्हा तो बंदिवासात होता, हे आपण विसरता कामा नये. त्या पत्राच्या चौथ्या अध्यायात तो देवाच्या शांतीविषयी सांगतो आणि मग कोणत्या गोष्टींचे मनन करावे याची एक यादी देतो. त्या यादीत पहिली जागा सुखद गोष्टींना नाही, ती सत्याला आहे. न्यायही त्याच यादीत येतो. त्याआधी तो चिंतेविषयी बोलतो, पण चिंता विसरून जा असे सांगत नाही. ती देवापुढे मांडा, उपकारस्मरणासह मांडा, असे सांगतो. ज्या माणसाला आपला खटला कसा संपेल हे ठाऊक नव्हते, त्याने हे लिहिले आहे. आजकाल सकारात्मक विचारांची पुस्तके रेल्वे स्टेशनवरसुद्धा मिळतात. त्यांत चांगले काही नाही असे आम्ही म्हणत नाही. पण जे नाही ते आहे असे मनाला पढवणे आणि जे आहे ते देवासमोर मांडणे, या दोन वेगळ्या वाटा आहेत.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही एपिक्टेटस नावाच्या विचारवंताचा अभ्यास केला. तो आधी गुलाम होता. त्याचे म्हणणे असे की, माणसाला घटना अस्वस्थ करीत नाहीत, त्या घटनेविषयीचे त्याचे मत अस्वस्थ करते. यात मोठे तथ्य आहे. आमच्या त्या गृहस्थांना नोकरी जाण्याहून अधिक जाळत होते ते 'मी भार आहे' हे मत. परंतु ख्रिस्ती श्रद्धा इथेच थांबत नाही. प्रभू येशू लाझरसाच्या कबरेपाशी रडला. गेथशेमानी बागेत तो व्याकूळ झाला. ते त्याचे चुकीचे मत नव्हते. मित्र मेला की डोळ्यांत पाणी येणे हाही योग्य विचारच आहे. दगड होणे म्हणजे शांत होणे नव्हे.

मग योग्य विचार करायचा कसा? देवाची शांती आपली अंतःकरणे राखील असे पौल म्हणतो, तेव्हा मूळ ग्रीक भाषेत त्याने वापरलेला शब्द पहारा देणाऱ्या सैनिकांचा आहे. फिलिप्पै ही निवृत्त रोमी सैनिकांची वसाहत होती, त्यामुळे तिथल्या लोकांना तो शब्द लगेच समजला असेल. आपल्याला समजायला सोसायटीचा वॉचमन पुरे. चांगला वॉचमन येणाऱ्या प्रत्येकाला हाकलत नाही, आणि डुलकी घेत सगळ्यांना आतही सोडत नाही. तो वही पुढे करतो आणि विचारतो: कोण, कुठून आलात, कोणाकडे जायचे? चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस या मठवासीने मनाला छळणाऱ्या आठ विचारांची यादी केली होती. खादाडपणा, लोभ, राग, खिन्नता, गर्व हे त्यांतले काही. पुढे त्यातूनच सात प्रमुख पापांची यादी तयार झाली. इव्हाग्रियसच्या दृष्टीने असा विचार मनात येणे हे पाप नाही. त्याला घर करून राहू द्यायचे की नाही, हे मात्र आपल्या हाती असते.

तेव्हा मनाच्या फाटकावर तीन प्रश्न विचारायला शिकू या.

पहिला प्रश्न: हा विचार खरा आहे का? पूर्ण खरा आहे, की अर्ध्या सत्याला अर्धे खोटे चिकटले आहे? 'सून माझ्याशी आज बोलली नाही' हे खरे असेल. 'तिला मी नकोच आहे' हे तितकेच खरे आहे का?

दुसरा प्रश्न: हा आला कुठून? कधी तो जुन्या जखमेतून येतो, कधी शेजाऱ्याच्या नव्या गाडीतून, कधी मोबाईलवर कोणीतरी पुढे पाठवलेल्या, कोणीच तपासून न पाहिलेल्या मजकुरातून. अनेकदा तो उपाशी पोटातून आणि अपुऱ्या झोपेतूनही येतो.

तिसरा प्रश्न: हा मला कुठे नेतो? १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत इग्नेशियस लोयोला यांचा पाय तोफगोळ्याने जायबंदी झाला आणि ते घरी खाटेवर पडून राहिले. शौर्याची आणि मानमरातबाची स्वप्ने रंगवताना त्यांना मौज वाटे, पण नंतर मन कोरडे पडे. ख्रिस्ताचे आणि संतांचे जीवन आठवले की मात्र आनंद नंतरही टिकून राही. दोन्ही विचार गोडच होते, फरक दिसला तो शेवटी. या साध्या निरीक्षणातून पुढे विवेकाचे त्यांचे नियम आकाराला आले. त्यांतला एक नियम आम्ही प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी अनेकांना सांगतो: मन अंधारात असताना, प्रकाशात असताना घेतलेला निर्णय बदलू नये.

हा नियम आपल्या भागातल्या एका घटनेने आम्हाला नीट समजावला. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान अडकली. उल्हास नदीचे पाणी रुळांवर आले आणि उजाडले तेव्हा गाडीच्या चहूबाजूंनी पाणीच पाणी होते. आत सुमारे १०५० प्रवासी होते. त्यांत लहान मुले होती, गरोदर स्त्रिया होत्या. तारीखही २६ जुलैची. २००५ सालच्या त्याच तारखेचा पूर या भागात कोणी विसरलेले नाही. अशा वेळी खाली उतरून चालत निघावे असे कोणाला वाटले असेल तर नवल नाही. रेल्वेने मात्र कळकळीने कळवले: गाडी सोडू नका, डब्यातच थांबा, मदत येत आहे. दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या आणि नौदलाच्या तुकड्या आल्या, गावकरी मदतीला धावले, आणि दुपारपर्यंत सर्वांना सुखरूप बाहेर काढण्यात आले.

या घटनेत योग्य विचार कोणता होता? 'पाणी नाहीच' असे म्हणणे हा योग्य विचार नव्हता, तो वेडेपणा ठरला असता. 'सगळे संपले, उडी मारा' हाही नव्हता. पाणी आहे, भीती वाटते आहे, तरी या घडीला जिथे आहोत ते स्थान सोडायचे नाही, आणि होडी आली की मात्र तिच्यात बसायचे. पती-पत्नीत कडाक्याचे भांडण झालेली रात्र, परीक्षेचा निकाल लागलेली संध्याकाळ, घरातले माणूस मातीला देऊन आल्यानंतरचे दिवस हे सारे पुराचेच दिवस असतात. अशा वेळी लग्न मोडण्याचा, शिक्षण सोडण्याचा, प्रार्थना बंद करण्याचा निर्णय घेऊ नये. आणि कोणी मदतीचा हात पुढे केला, तर अभिमानाने तो झिडकारूही नये.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. योग्य विचार करा म्हणजे गप्प बसा, असे नव्हे. संत ऑगस्टीन यांच्या मते शांती म्हणजे सुव्यवस्थेतून येणारी स्थिरता, प्रत्येक गोष्ट तिच्या योग्य जागी असणे. आपल्या जवळच मोहने येथील एनआरसी कारखाना २००९ साली बंद पडला आणि हजारो कामगारांची देणी वर्षानुवर्षे अडकून राहिली. अशा कुटुंबाला 'मन शांत ठेवा' एवढेच सांगणे म्हणजे बिघडलेल्या व्यवस्थेवर पांघरूण घालणे होय. घामाचे पैसे मागणे हा शांतीचा भंग नाही, ते शांतीचेच काम आहे. पौलाच्या यादीत न्याय आहे तो याचसाठी. मात्र हक्क मागताना द्वेष मनात घर करीत नाही ना, हेही फाटकावर विचारावे लागते.

आणखी एक गोष्ट. काही वेळा मनाची अस्वस्थता हा आजार असतो. आठवडेच्या आठवडे झोप नाही, भूक नाही, जगण्यात रस नाही, अशी अवस्था झाली तर तो श्रद्धेचा अभाव समजू नका. जसे मधुमेहासाठी डॉक्टरांकडे जातो तसेच यासाठीही जावे. औषध घेणे आणि रोजरी म्हणणे यांत भांडण नाही. कोणाच्या मनात जीव देण्याचे विचार येत असतील तर त्याला एकटे सोडू नका, आणि त्याला उपदेशही करू नका. त्याच्याजवळ बसा, ऐका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

पुनरुत्थित प्रभू बंद दाराआड भेदरलेल्या शिष्यांपुढे उभा राहिला, त्यांना शांती दिली आणि लगेच आपले हात आणि आपली कूस दाखवली. त्याने जखमा लपवल्या नाहीत. त्याची शांती शुक्रवार घडलाच नाही असे सांगत नाही. शुक्रवार घडला, पण शेवटचा शब्द त्याचा नाही, असे ती सांगते. आमच्या मते योग्य विचाराचे याहून चांगले उदाहरण नाही. आधी संपूर्ण सत्य, आणि त्या सत्यात देवही आहे. देवाला वगळून केलेला हिशोब कितीही काळजीपूर्वक केला, तरी त्यात एक रक्कम मांडायची राहूनच जाते.

त्या गृहस्थांच्या घरी आम्ही पुढे गेलो आणि त्यांची क्षमा मागितली. या वेळी बोललो कमी. त्यांनी पत्नीसमोर पहिल्यांदाच तो विचार मोठ्याने सांगितला: "मी तुम्हाला भार झालो आहे." ती क्षणभर काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुम्ही स्टेशनवर बसता हे मला दुसऱ्या आठवड्यातच कळले होते. डबा मी रोज भरतच होते ना?" खोटा विचार त्या स्वयंपाकघरात उघडा पडला. तो कायमचा गेला असे नाही. त्यांना पूर्वीपेक्षा कमी पगाराचे काम मिळाले आहे, आणि झोप अजूनही रोज लागत नाही. पण स्टेशनवरचे ते बसणे थांबले.

या आठवड्यात एवढेच करू या. रात्री झोपण्यापूर्वी, किंवा परतीच्या लोकलमध्ये, दिवसभरात मनाला सर्वात जास्त छळलेला एक विचार पकडा. त्याला तीन प्रश्न विचारा. त्यातले खरे देवापुढे ठेवा, खोटे नाकारा, आणि एका माणसाला, पत्नीला, मित्राला, धर्मगुरूला, मनमोकळेपणे सांगा. आणि पुढच्या रविवारी शांती देताना शेजाऱ्याच्या चेहऱ्याकडे क्षणभर नीट पाहा. कदाचित त्याच्या पिशवीतही कोणाला न सांगितलेला डबा असेल.

हे प्रभू, आमच्या मनाच्या दारावर तूच पहारा दे. जे खरे आहे ते पाहण्याचे धैर्य आणि ते तुझ्या हाती सोपवण्याचा विश्वास आम्हाला दे. आमेन.

आपला प्रभूमध्ये,
धर्मगुरू