अण्णा खरंच असं म्हणाले होते?

आमचे आजोबा, म्हणजे अण्णा, हयात असताना फारसे बोलत नसत. वारल्यापासून मात्र सारखे बोलतात. घरात लग्न निघो, वाटणी निघो, नाहीतर लोणच्यातल्या मिठाचा वाद निघो, कुणीतरी "अण्णा म्हणायचे..." अशी सुरुवात करतो आणि पुढचं वाक्य हटकून त्याच्या सोयीचं असतं. धाकट्या काकांचे अण्णा 'जमीन विकू नये' म्हणतात. थोरल्या काकांचे अण्णा 'शेतीत आता राम नाही' म्हणतात.

अशा वेळी मला हेर्मान डील्स आठवतो. हा जर्मन पंडित (१८४८–१९२२) बर्लिनला प्राध्यापक होता. सॉक्रेटिसच्या आधीच्या ग्रीक तत्त्वज्ञांचं एकही पुस्तक अख्खं उरलेलं नाही. जे उरलं ते दुसऱ्यांच्या तोंडी. कुणी त्यांची वाक्यं कौतुकानं सांगितली, कुणी खोडून काढायला. पार्मेनिडीझच्या पुष्कळशा ओळी तर त्याच्यानंतर हजारएक वर्षांनी सिम्प्लिकियसनं उतरवून ठेवल्या, पुस्तक दुर्मीळ झालंय म्हणून! थोडक्यात, तिथंही सगळा 'अण्णा म्हणायचे'चाच मामला.

डील्सनं १९०३ साली हे सगळं छापलं. लोक त्या माणसाबद्दल काय सांगतात ते एका ढिगात, त्याचे स्वतःचे शब्द दुसऱ्या ढिगात, सोबत जर्मन भाषांतर. नकला आढळल्या तर त्या तिसरीकडे. हेराक्लिटसची सव्वाशेच्या आसपास वचनं हाती आली, पण त्यांचा मूळ क्रम कळायला मार्ग नव्हता. दुसऱ्या कुणी आपल्या मनाचा सुरेख क्रम लावला असता. डील्सनं सुरुवातीची एकदोन सोडून बाकीची, ती ज्या लेखकांकडे सापडली त्यांच्या नावांच्या अकारविल्हे लावली. एवढा मोठा पंडित, पण टेलिफोन डिरेक्टरीसारखी यादी लावून मोकळा!

आता कुणी म्हणेल, गेलेल्या माणसाला आपल्या बाजूनं बोलायला लावलं तर बिघडलं काय? त्याला थोडाच त्रास होतो? पण जिवंत माणूस "मी असं म्हटलंच नव्हतं" म्हणून हात तरी झटकू शकतो. मेलेल्याच्या वतीनं ते कुणी म्हणायचं?

म्हणून एका रविवारी वही घेतली आणि अण्णांचे तीन ढीग केले. पहिल्यानं तीन पानं भरली. दुसऱ्यात, जुनी हिशेबाची चोपडी चाळून, अण्णांच्या हातचं एकच वाक्य मिळालं: 'दूधवाल्यास सव्वा रुपया जास्त गेला. परत मागू नये.' का मागू नये, ते लिहिलेलं नाही. दया म्हणावी, तर अण्णा भिडस्तही होते. कारण जोडायचा फार मोह झाला, पण डील्स आठवला आणि पेन खाली ठेवलं.

तिसऱ्या ढिगात पहिली नोंद माझीच. 'अण्णा म्हणायचे, पहाटेचा अभ्यास पक्का होतो' हे मी चिरंजीवांना गेली चार वर्षं ऐकवतोय. अण्णा आठाच्या आत कधी उठले नाहीत.

चिरंजीवांना अजून सांगितलेलं नाही. परीक्षा आटोपू दे.