अवकाळी पर्जन्य आणि गोवर्धनाचा आश्रय

॥ श्री ॥

मुळशी तालुक्याच्या डोंगरांवर पाऊस हा पाहुणा नव्हे, तो घरचाच आहे. पौड सोडून पश्चिमेस निघालेला भाविक ताम्हिणीच्या श्री विंझाई देवीकडे जसजसा जवळ येतो, तसतशी झाडी दाट होत जाते आणि आकाश खाली उतरल्यासारखे वाटते. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे कोकणातून सह्याद्रीचा कडा चढताना थंड होतात आणि आपले ओझे घाटमाथ्यावर उतरवितात. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणी येथे एका दिवसात, चोवीस तासांत, ५५६ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. पुणे शहरात वर्षभरात सरासरी जेवढा पाऊस पडतो, त्याच्या पाऊण हिश्शाइतका हा पाऊस होय.

परंतु आषाढ-श्रावणातील पाऊस कितीही कोसळला, तरी डोंगरातील माणूस त्याच्या तयारीत असतो. घर शाकारलेले असते, सरपण कोरड्या जागी रचलेले असते, जनावरे गोठ्यात असतात. माणसाची खरी परीक्षा पाहतो तो ऋतू सोडून आलेला पाऊस.

कार्तिक वद्यातील ती झड

सन २०२१ च्या डिसेंबर महिन्याच्या १ व २ तारखांस असाच प्रसंग पुणे जिल्ह्यावर आला. कार्तिक वद्य पक्ष सुरू होता. आळंदीस श्री ज्ञानेश्वर माउलींच्या संजीवन समाधीचा सोहळा चालू होता. माउलींनी समाधी घेतल्यास त्या वर्षी ७२५ वर्षे पूर्ण होत होती. या दिवसांत सह्याद्रीवर एरवी कोरडी थंडी असते, आभाळ निरभ्र असते. परंतु अरबी समुद्रावर हवेचा दाब कमी झाला, उत्तरेकडून पश्चिमी झंझावात आला आणि दोहोंच्या योगाने थंडीच्या दिवसांत पावसाची झड लागली. दिवसाचे तापमान एकाएकी उतरले. बोचरा वारा, संततधार आणि गारठा हे तिन्ही एकत्र आले.

या झडीचा सर्वांत मोठा घाव बसला तो मेंढपाळांवर. पावसाळा सरला की धनगर बांधव आपले कळप घेऊन रानोमाळ फिरतात. शेतात वाडा लावावा, मेंढ्या बसवाव्यात, चार दिवसांनी पुढे जावे, असा त्यांचा क्रम. डोक्यावर छप्पर नसते, कारण त्या महिन्यांत छपराची गरज पडत नाही. त्या दोन दिवसांत जुन्नर, आंबेगाव आदी तालुक्यांत शेकडो मेंढ्या गारठून मृत्युमुखी पडल्या. मेंढीच्या अंगावरील लोकर कोरडी असते तोवर ती तिचे पांघरूण असते. तीच लोकर पाण्याने निथळू लागली की तिच्यातील ऊब जाते, तिचे ओझे होते आणि वारा अंगातील उष्णता ओढून नेतो. कोकरे तर आधीच हार मानतात. ज्या घराने वर्षानुवर्षे कळप वाढविला, त्या घराची सारी पुंजी एका रात्रीत मातीत पडली.

भागवतातील अवकाळी पाऊस

असा प्रसंग आला म्हणजे भाविकाच्या मनात प्रश्न उभा राहतो की, हा देवाचा कोप तर नसेल? या प्रश्नाचे उत्तर श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधात, गोवर्धनाच्या कथेत आहे.

ही कथा सर्वांस ठाऊक आहे. मात्र तिच्यातील एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. व्रजावर इंद्राने पाडलेला पाऊसही ऋतूबाहेरचाच होता. गोवर्धनाची पूजा परंपरेने कार्तिक शुद्ध प्रतिपदेस होते, म्हणजे पावसाळा सरल्यानंतर. भागवतकार सांगतात की, त्या पावसासोबत सोसाट्याचा वारा होता आणि गाराही होत्या. गुरे थरथर कापू लागली, गोप-गोपी थंडीने काकडून गेले आणि श्रीकृष्णास शरण आले. डोंगराळ मुलखातील थंडीच्या वादळाचे याहून नेमके वर्णन ते कोणते?

अशा वेळी भगवंतांनी काय केले, हे पाहण्यासारखे आहे. त्यांनी कोणाचे पाप मोजले नाही. हे संकट कोणामुळे ओढवले, याचा निवाडा करीत ते बसले नाहीत. त्यांनी प्रथम पर्वत उचलला आणि सर्वांस आपापल्या गुराढोरांसह त्याखाली येण्यास सांगितले. सात दिवस तो आश्रय तसाच राहिला. वादळात देव कोठे असतो, असे कोणी विचारल्यास या कथेचे उत्तर सरळ आहे: जेथे भिजलेल्या जिवाला आसरा मिळतो, तेथे.

आसरा देणे हेच पूजन

या बोधाचा अर्थ आजच्या भाविकाने आणि देणगीदाराने नीट समजून घ्यावयास हवा. देवालयाचा कळस सोन्याने मढविणे ही भक्ती आहेच. परंतु कळसाखालील सभामंडप कोणासाठी बांधला, हा प्रश्न त्याहून मोठा आहे. समजा, थंडीतील अवकाळी पावसाच्या रात्री एखादा मेंढपाळ आपला कळप घेऊन देवळाच्या दाराशी उभा राहिला. फरशी चिखलाने भरेल, लेंड्या पडतील, ओल्या लोकरीचा वास दरवळेल. तेव्हा दार उघडावे की लावून घ्यावे?

शंका खोटी नाही. देवालयाची स्वच्छता राखणे हाही धर्मच आहे. तथापि गोवर्धनाखाली सात दिवस गाई, वासरे, बैलगाड्या आणि अवघे गोकुळ दाटले होते, तेव्हा ती भूमी कशी झाली असेल? भगवंतांच्या चरणांखालील ती भूमी त्यामुळे अपवित्र झाली नाही, उलट तीर्थ ठरली. महाराष्ट्राचे कुलदैवत श्री खंडोबा यांनी तर बाणाईसाठी स्वतः मेंढ्या राखल्या, असे लोकपरंपरा सांगते. ज्या दैवताने मेंढ्या राखल्या, त्याच्या भक्तांनी मेंढ्यांना दाराबाहेर ठेवावे, हे शोभत नाही. फरशी दुसऱ्या दिवशी धुता येते. गारठून गेलेले कोकरू परत येत नाही. एखादी पत्र्याची पडवी, काही ताडपत्र्या, थोडा कोरडा पेंढा आणि सरपण, एवढ्या दानाने अशा रात्री एक संसार वाचू शकतो.

पर्वत पुन्हा जागेवर

कथेच्या अखेरीस आणखी एक बोध आहे. पाऊस थांबल्यावर श्रीकृष्णांनी सर्वांस बाहेर येण्यास सांगितले आणि गोवर्धन जेथे होता तेथे, जसा होता तसा ठेवला. ज्याचा आश्रय घेतला, त्याला इजा होऊ दिली नाही.

घाटमाथ्यावरील पूर्वजांनी हा धडा देवराईच्या रूपाने जपला. देवाच्या नावाने राखलेल्या त्या रानात कुऱ्हाड चालत नाही. तेथील मुळे माती धरून ठेवतात, पालापाचोळा पाणी जिरवितो आणि खालच्या वाडीचा झरा उन्हाळ्यातही वाहतो. डोंगर उघडा पडला आणि उतार कापले गेले की त्याच पावसाचे रूप पालटते. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळून दीडशेहून अधिक माणसे गेली, ही आठवण पुणे जिल्ह्याने विसरू नये. देवराईतील वाळकी काटकीही न मोडणे, प्लास्टिक डोंगरावर न टाकणे, हीदेखील गोवर्धनपूजाच होय.

परत फिरणे हीही भक्ती

यात्रेस निघालेल्या भाविकाने एक गोष्ट मनाशी पक्की धरावी. घाटात धुके दाटले, ओढ्याला लोंढा आला किंवा विजा कडाडू लागल्या, तर दर्शनाचा हट्ट धरू नये. वाहत्या पाण्यातून गाडी घालू नये, दरडीखाली थांबू नये, विजा चमकत असता एकट्या झाडाखाली उभे राहू नये. थंडीच्या दिवसांतही घाटमाथ्यावर जाताना एक कोरडे वस्त्र जवळ ठेवावे. लहान मुले व वृद्ध भिजल्यास प्रथम ओले कपडे बदलावेत. संकटात सापडलेल्या एका यात्रेकरूस सोडविण्यासाठी गावातील चार तरुण आपला जीव धोक्यात घालतात, हे विसरू नये. वाटेवरून हात जोडून परत फिरलेल्याचा नवस मोडत नाही. देव डोंगरावर आहे तसाच उद्याही असणार आहे.

पाऊस हा वैरी नव्हे. श्रीकृष्णांनी शरण आलेल्या इंद्रास क्षमा करून त्याच्या पदावर कायम ठेवले, कारण पर्जन्यावाचून अन्न नाही आणि अन्नावाचून प्राणी नाहीत. मुळशीच्या खाचरांतील आंबेमोहोर पिकतो तो याच मेघांच्या कृपेने. मेघ कधी ऋतूत येतील, कधी ऋतू सोडून येतील. त्यांचे येणे माणसाच्या हाती नाही. दार उघडे ठेवणे मात्र त्याच्या हाती आहे.

॥ शुभं भवतु ॥