हात पाहिला, वीण नाही

रशियन पद्धतीचे विणकाम शिकावेसे का वाटले, असे कोणी विचारले तर माझे उत्तर तयार असते. ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठी टोप्या विणायच्या होत्या, हात जरा झपाझप चालावा म्हणून शिकले. ऐकणाऱ्याला बरे वाटते, मलाही बरे वाटते. उत्तर खोटे नाही. पण ते पुरते आहे का?

दिवाळीच्या सुमाराला आमच्याकडे गाळपाचा हंगाम सुरू होतो. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती अशा बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचे बॉयलर पेटले की बीड, अहिल्यानगरकडून टोळ्या उतरतात. फडांच्या कडेला, कारखान्यांच्या आसपास कोप्या उभ्या राहतात. नवराबायको मिळून हिशेबात एक कोयता धरतात; पोरांची गणती कशातच नाही. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर वाढलेल्या उसात पहाटे काय गारठा असतो, ते पक्क्या घरात पंखा बंद करून निजणाऱ्या आम्हाला कळत नाही. तेव्हा आम्ही काही निवृत्त बायकांनी ठरवले की या पोरांना कानटोप्या विणून द्यायच्या. चांगलेच ठरवले. आणि थोड्याच दिवसांत मी मोजायला लागले. स्वतःच्या टोप्या नव्हे, इतरांच्या. फोनवर 'कशी आहेस?' विचारताना माझे कान एकाच गोष्टीकडे लागलेले असत: हिच्या झाल्या किती? एक मैत्रीण माझ्या पुढे होती. तिच्या कामाचे मी तोंडभरून कौतुक करायची आणि मनात म्हणायची, सैल विणते, म्हणून भराभर होतात. कुडकुडणारे पोर त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर होते का? नव्हते. मैत्रिणीची पिशवी होती.

त्या पिशवीला मागे टाकायचे म्हणून मी रशियन पद्धतीकडे वळले.

मी लहानपणी शिकले आणि पुढे शाळेत शिकवली ती पद्धत इंग्रजी. लोकर उजव्या हातात. दर टाक्याला उजवा हात धागा सुईवरून फिरवून आणतो. रशियन बायका लोकर डाव्या तर्जनीवर घेतात, बोट सुईच्या टोकाशी अगदी लगटून ठेवतात आणि उजवी सुई नुसते टोक वळवून धागा उचलते. हात हलताना फारसा दिसतच नाही. सुलट टाका मला लवकर जमला. घोळ उलट टाक्याचा. डाव्या हातात लोकर घेऊन आपल्या सवयीचा उलट टाका घालायचा तर धागा सुईच्या वरून वळवून घ्यावा लागतो आणि बोटांची कसरत होते. त्या बायका ही कसरत करतच नाहीत. धागा सुईखालून घेतात, टोकाने दाबून मागे ओढतात, झाला उलट टाका. वाट जवळची, धागाही कमी लागतो, त्यामुळे उलट ओळ सुलट ओळीपेक्षा सैल पडत नाही.

मात्र या सोयीची किंमत पुढच्या ओळीत द्यावी लागते. टाका म्हणजे सुईवर टांगलेला फास. त्याचे दोन पाय, एक सुईच्या पुढे, एक मागे. आपल्या पद्धतीत आघाडीचा पाय पुढे असतो. धागा खालून घेतला की टाका फिरून बसतो आणि आघाडीचा पाय मागे जातो. म्हणून पुढची सुलट ओळ मागच्या पायातून विणायची. सवयीने सुई पुढून घातली की टाक्याला पीळ पडलाच. मागून घातली की टाका सरळ. दोन टाके एकत्र विणून टोपीचा घेर घटवतानाही कल बदलतो. उजवीकडे झुकायची ती रेघ डावीकडे झुकते. इंग्रजी नमुना जसाच्या तसा वाचून चालत नाही. नुसती उलट ओळ पाहणाऱ्याला ही रीत चुकीची वाटेल, नुसती सुलट ओळ पाहणाऱ्यालाही वाटेल. दोन्ही ओळी मिळून ती बरोबर होते.

हे उमगल्यावर मी अगदी खुशीत होते. धागा खालून, दाब, ओढ. पुन्हा धागा खालून. आणि एकदम लक्षात आले की ही हालचाल मी आधी पाहिलेली आहे. रशियन बाईच्या हातात नव्हे. इंदापूर तालुक्यातल्या एका शाळेत.

त्या शाळेत मी मराठी शिकवायची आणि कार्यानुभवाचा तासही माझ्याकडे असायचा. मुली दोन सुया आणि स्वस्तातली लोकर घेऊन यायच्या, दोन सुलट दोन उलटच्या पट्ट्या विणायच्या, मी गुण द्यायची. त्यांतली एक लोकर डाव्या हातात धरायची आणि उलट टाक्याला धागा खालून घ्यायची. मी तिला थांबवले. 'असं नसतं गं, धागा वरून.' ती म्हणाली, 'बाई, आमच्या काकी असंच विणत्यात.' वर्गात कोणीतरी हसले. मी हसले नाही, पण हसणाऱ्यांना गप्पही केले नाही. 'काकींचं काकींच्या घरी. उसव ते.' तिने उसवले. पुढे ती माझ्यासारखी विणायला लागली, हळू आणि घट्ट, आणि मी तिला बरे गुण दिले. सुधारणा झाली म्हणून.

ती चुकत होती का? पुढच्या ओळीत तिची सुई मागून जात होती की पुढून? मागून जात असेल तर तिची रीत पुरी होती आणि मी अर्धी पाहून निकाल दिला. पुढून जात असेल तर तिच्या पट्टीला पीळ पडत असणार आणि माझे म्हणणे निम्मे तरी बरोबर होते. यातले काय होते, ते मला आज सांगता येत नाही, कारण पट्टी मी पाहिलीच नाही. हातात घेऊन, ताणून, उलटून बघायला कितीसा वेळ लागला असता? मी हात पाहिला. तो माझ्यासारखा चालत नव्हता, एवढे मला पुरले. वर्ग मोठा होता, तास छोटा होता, ही सबब मी स्वतःला देऊन पाहिली. टिकत नाही. उसव म्हणायला वेळ होता की.

याहून बोचणारे पुढेच आहे. तीच हालचाल 'रशियन' म्हणून समोर आली तेव्हा मी शिष्येसारखी खाली बसले. टाका बिघडला की म्हणायची, माझेच बोट आखडले आहे. पद्धतीतच खोट असेल असे मनातही आले नाही. हा आदर काकींच्या वाट्याला का आला नाही? काकींच्या रीतीला नाव नव्हते, देश नव्हता, तिच्यावर कोणी लिहिले नव्हते. ओरेनबर्गच्या शाली इतक्या तलम की अंगठीतून आरपार जातात, हे मी चारचौघींत कौतुकाने सांगितले. रिच्कोव्ह नावाच्या अभ्यासकाने 1766 मध्ये तिथल्या बकऱ्यांच्या मऊ लोकरीवर लिहिले होते, हेही वर सांगितले. आणि आमच्या काटेवाडीला तुकोबांच्या पालखीभोवती ज्या मेंढ्यांचे रिंगण होते, त्या दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीला आज धड गिऱ्हाईक मिळत नाही, कित्येक मेंढपाळ ती कातरून टाकून देतात, हे कोणत्या चौघींना सांगितले? मी टोप्यांना वापरते ती लोकर तर लोकरही नव्हे, ॲक्रिलिक. मेंढीची लोकर पोरांच्या कानाला टोचेल, असे मी म्हणते. टोचत असेलही. पण हे मी ती हातात घेऊन ठरवले का? तिथेही नाही.

नावावरून हाताची किंमत ठरवणारी मी एकटी नाही, असे म्हणून थोडे हलके वाटते. इंग्लंड-अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डाव्या हातात धागा धरायची रीत 'जर्मन' म्हणून नकोशी झाली, असे तिकडच्या विणणाऱ्या बायका सांगत आल्या आहेत. मेरी थॉमस या इंग्रज लेखिकेने मात्र 1938 सालीच आपल्या पुस्तकात पाश्चात्त्य, पौर्वात्य आणि दोन्हींची मिळून झालेली अशा रीती शेजारी शेजारी मांडल्या होत्या. म्हणजे मी हातात खडू घेण्याच्या कितीतरी आधी हे छापून झाले होते. अमेरिकेतल्या ॲनी मॉडेसिट यांनी या मिश्र रीतीची बाजू घेतली आणि 2004 सालच्या आपल्या पुस्तकाच्या नावातच स्वतःला विणकामातली पाखंडी म्हणवून घेतले. वाचून मला फार आवडले ते. माझ्या वर्गात तशीच एक पाखंडी बसली होती तेव्हा धर्मपीठावर कोण होते?

आणि त्याच वर्गात मी मोरोपंत शिकवायची! जन्म 1729 चा, पन्हाळ्याचा. 1794 मध्ये देह ठेवला तो बारामतीत. आमचे गाववालेच. एकच रामकथा त्यांनी इतक्या तऱ्हांनी रचली की परंपरा त्यांची 108 रामायणे मोजते. त्यांत एक निरोष्ठ रामायण, ओठाला ओठ लावणारी प, फ, ब, भ, म ही अक्षरे टाळून लिहिलेले. ही अक्षरे फळ्यावर लिहून मी मुलांना रंगून सांगायची की बघा, कवीने स्वतःची वाट किती अवघड करून घेतली, तरी कथा तीच राहिली. त्यानंतर कार्यानुभवाचा तास. फळ्याबरोबर माझे डोकेही पुसले जात होते की काय?

टोप्या वाटायला आम्ही भवानीनगरच्या बाजूला गेलो होतो. एका कोपीपुढे एका बाईने टोपी घेतली, आधी उलटी केली, काठ दोन्ही हातांनी ताणला, आतली शिवण नखाने चाचपली आणि विचारले, 'धुतल्यावर आटंल का ओ?' नाही आटणार, मी म्हटले. तिने ती पोराच्या डोक्यावर चढवली आणि वाढ्यांचे भारे बांधायला वळली. टोपी कोणी विणली, कोणत्या हाताने, त्याच्याशी तिला देणेघेणे नव्हते. आम्ही नेलेल्या ढिगात माझ्या मैत्रिणीच्या टोप्याही होत्या, मी मनातल्या मनात नावे ठेवलेल्या. त्या पोरांच्या डोक्यांवर माझ्यांपेक्षा बऱ्या बसत होत्या. वाढत्या डोक्याला थोडी सैल वीण सोयीची असते. हे मी मैत्रिणीला अजून सांगितलेले नाही. सांगायला हवे.

त्या मुलीला शोधावे का? ती आता पोक्त बाई असेल. जुन्या विद्यार्थ्यांचा व्हॉट्सॲपवर गट आहे, विचारले तर दिवसभरात पत्ता लागेल. मी विचारलेले नाही. कारण त्या भेटीचे एक चित्र माझ्या मनात तयार आहे आणि त्या चित्रात मी फार चांगली दिसते. मोठ्या मनाच्या बाई, माजी विद्यार्थिनीचे भरून आलेले डोळे, सोबत फोटो. मग मी माफी मागायला जाणार की शाबासकी घ्यायला? तिला तो तास आठवतही नसेल आणि मी उगाच तिच्या दारात जुनी गोष्ट नेऊन टाकेन. किंवा चांगला आठवत असेल, आणि त्यानंतर तिने कधी सुया हातात धरल्या नसतील. यातले काहीही निमूट ऐकून घेता येईल, तेव्हाच फोन करावा, असे सध्या वाटते. की हीसुद्धा पळवाटच?

वेगाचे म्हणाल तर तो फारसा वाढलेला नाही. उलट ओळ छान पळते. सुलट ओळीत अजून सुई सवयीने पुढून जाते. एक बदल मात्र झाला आहे. शेजारच्या मुली विणायला शिकायला येतात, त्यांच्या हाताकडे पाहून बोलण्याआधी मी विणलेले मागून घेते. दोन ओळी तरी होऊ देते. कठीण जाते; जीभ आधी धावते. काही वेळा वीण खरोखरच चुकलेली निघते, तेव्हा मनातून थोडा आनंद होतो, तोही मला दिसतो.

बारामती-इंदापूरकडे कोणाची आई, काकी, आजी लोकर डाव्या बोटावर घेऊन, धागा सुईखालून ओढून उलट टाका घालत असेल, तर कृपा करून तिला थांबवू नका. मला कळवा. पुढच्या ओळीत ती सुई कुठून घालते, ते मला तिच्या शेजारी बसून पाहायचे आहे.