पालकत्व : मालकी की विश्वस्तपद?

पाचवी-सातवीतील मुलाची संध्याकाळ आज शिकवण्या आणि छंदवर्ग यांतच संपून जाते. आईवडिलांचा हेतू शुद्ध असतो. तरीही आपण स्वतःस विचारावयास हवे : हा विकास मुलाचा, की आपल्या प्रतिष्ठेचा?

आपले खामगाव चांदी आणि कापूस या दोहोंसाठी ओळखले जाते. चांदीला कारागीर हवा तो आकार देतो. कपाशीला शेतकरी खतपाणी घालतो, निंदण करतो. बोंड मात्र आपल्या वेळी फुटते. मूल कपाशीसारखे आहे, असे आम्हांस वाटते.

बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांना प्रश्न विचारीत बसला होता (लूक २:४१-५२). तीन दिवसांनी तो सापडला, तेव्हा मरियेने जाब विचारला. त्याचे उत्तर मातापित्यांना उमगले नाही. तरी मरियेने सारे अंतःकरणात जपले आणि येशू त्यांच्या आज्ञेत राहिला. शिस्त व आदर तेथे एकत्र नांदले.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणापत्रात आईवडिलांना मुलांचे आद्य व प्रमुख शिक्षक मानले आहे. हे कर्तव्य शुल्क भरून दुसऱ्यावर सोपविता येत नाही. गरिबाघरी परीक्षेतील यश मोलाचे आहेच. परंतु त्यासाठीही मुलाचे मन आधी ऐकावे लागते. एखादा वर्ग कमी करू या आणि ती घटका मुलाजवळ बसू या.